सखीरच्या सपाटीवरची पहाडी शाळा

रिफाची शेवटची घरं मागे पडली की बहरीन एकदम उघडं होतं. तोवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना खजुराची झाडं, बोगनवेल, मशिदींचे मिनार आणि ‘कोल्ड स्टोअर’ अशी पाटी लावलेली छोटी किराणा दुकानं असतात. पुढे भुऱ्या, पिवळट जमिनीखेरीज काही उरत नाही. सखीरचं हे वाळवंट सिनेमात दिसतं तसं मऊ वाळूच्या टेकड्यांचं नाही. चुनखडीचा कठीण थर, त्यावर बारीक खडी, मधेच गुडघ्याएवढी खुरटी झुडपं आणि रस्त्याच्या कडेनं जमिनीलगत धावणाऱ्या तेलाच्या नळ्या. डिसेंबरात हवा गार असते. वायव्येकडून ‘शमाल’ वारा सुटला की मात्र डोळ्यांत बारीक धूळ जाते आणि क्षितिज पुसट होतं.

बहरीनचं मुख्य बेट सुमारे ५० किलोमीटर लांब आणि १६ किलोमीटर रुंद. त्याच्या मधोमध सर्वांत उंच जागा आहे जबल दुखान, उंची १३४ मीटर. मी साताऱ्याच्या जावळी खोऱ्यात वाढले, तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर शिकवलं. आमच्याकडे नजर कुठल्याही दिशेला टाका, ती एखाद्या डोंगराला जाऊन अडते. पाऊस कुठून येणार, ऊन कुठे पडणार, शाळेत कोणती मुलं उशिरा पोचणार, सगळं डोंगर ठरवतो. इथे नजरेला अडवणारं काही नव्हतं. अशा सपाटीवर मी शिकवायला निघाले होते, आणि माझे विद्यार्थी होते हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगररांगांतून आलेले नेपाळी कामगार.

मुलीकडे राहायला आले तेव्हा हे मनातही नव्हतं. तिच्या ओळखीतली काही नेपाळी आणि भारतीय मंडळी मालकाची परवानगी घेऊन सखीरकडच्या एका कामगार-वस्तीवर दर शुक्रवारी वर्ग चालवत. शिकवणारं कुणी हवं होतं, देवनागरी येणारं असेल तर फार बरं, असं त्यांनी विचारलं. निवृत्त शिक्षिकेला याहून चांगलं निमंत्रण कुठलं असणार!

शुक्रवारी सकाळी बहरीन उशिरा जागं होतं. जुम्म्याची नमाज होईपर्यंत रस्ते रिकामे, दुकानांची शटर्स खाली. नमाज आटोपली की घराघरांतून मोठमोठी पातेली गाड्यांत चढतात आणि सगळा देश दक्षिणेकडे, वाळवंटाकडे निघतो. आम्ही त्याच गर्दीतून जात असू. वाटेत अवाली लागतं. तेल कंपनीनं १९३० च्या दशकात आपल्या माणसांसाठी वसवलेलं हे गाव अजून आपली हिरवळ जपून आहे. बुटकी घरं, कुंपणाच्या मेंद्या, शांत रस्ते. तिथेच २०२१ मध्ये ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ हे मोठं कॅथेड्रल उभं राहिलं. त्याच्या पलीकडे सखीर सुरू होतं. बहरीन विद्यापीठाचं विस्तीर्ण आवार, सखीर राजवाडा, आणि २००४ पासून जगाला या नावाची ओळख करून देणारा मोटार शर्यतींचा ट्रॅक. पश्चिम आशियातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत इथे झाली. ५.४१२ किलोमीटरच्या त्या वळणावळणांच्या ट्रॅकवर वाळू उडून येऊ नये म्हणून पहिल्या शर्यतीआधी भोवतालच्या वाळूवर चिकट द्रव फवारला होता. शर्यत २०१४ पासून रात्री, दिव्यांच्या झोतात होते. त्या दिवसांत प्रेक्षकांसाठी जे उभारायचं, झाडायचं, सजवायचं, ते करणाऱ्या हातांतले कित्येक हात माझ्या वर्गात पेन्सिल धरायला येत.

हिवाळ्यात सखीरच्या मोकळ्या माळावर तंबूंची वस्ती उभी राहते. इथल्या लोकांचा हा जिवाभावाचा सण आहे. मनामा, मुहर्रक, रिफा इथली कुटुंबं महिनोन् महिने तंबू ठोकून ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे राहायला येतात. शेकोटी, पतंग, वाळूत पळणारी पोरं, कोळशावर भाजलेलं मांस. पाऊस पडून गेला असेल आणि आकाशात गडगडाट झाला असेल, तर म्हातारी माणसं जमिनीतल्या भेगांवर नजर ठेवून ‘फगा’ शोधत फिरतात. वाळवंटातली ही भूछत्रासारखी गाठ जमिनीखाली वाढते आणि विजा कडाडल्या की उगवते, असा इथला समज आहे. आमच्या जावळीतही पहिल्या गडगडाटानंतर बायका टोपल्या घेऊन अळंब्या शोधायला रानात जातात. दोन्हीकडे जागा कुणी कुणाला सांगत नाही.

एकदा आडरस्त्याला लागलो आणि वाट विचारायला एका तंबूपाशी थांबलो. वाट सांगायच्या आधी तिथल्या आजोबांनी आत बसवलं. चपला बाहेर काढून गालिच्यावर टेकलो. घरातल्या तरुण मुलानं डाव्या हातात दल्ला, म्हणजे चोचीची किटली, आणि उजव्या हातात दांडी नसलेल्या इवल्या पेल्यांची चळत धरली होती. फिकट सोनेरी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, त्यानं पेल्याच्या तळाशी घोटभर ओतला. वेलदोड्याचा वास, किंचित कडवटपणा, सोबत खजूर. पेला रिकामा झाला की तो पुन्हा ओतणार. नको असेल तर पेला बोटांत धरून हलकेच हलवायचा, तोंडानं ‘पुरे’ म्हणायचं कारण नाही. यजमानानं मोजायचं नाही आणि पाहुण्यानं नाकारल्यासारखं दिसायचं नाही, ही सोय मला फार आवडली. आमच्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात आणि मग ‘घ्या ना, घ्या ना’चा आग्रह दोन्ही बाजूंनी बराच वेळ चालतो.

आजोबा माझ्याशी हिंदीत बोलू लागले. बहरीनच्या जुन्या पिढीला हिंदी परकी नाही. त्यांच्या आजोबांच्या काळी इथला मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई. व्यवहारात भारतीय रुपया चाले, पुढे आखातासाठी वेगळा रुपया निघाला, आणि १९६५ साली बहरीनला स्वतःचा दिनार मिळाला. मी कुठे चालले हे ऐकून त्यांनी मुलाला खूण केली. निघताना गाडीत खजुराचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. ‘मुअल्लिमा’ म्हणजे शिक्षिका शिकवायला निघाली असेल तर तिच्या हाती काही द्यावं, एवढंच त्यांनी म्हटलं.

कामगारांची वस्ती तंबूंपासून फार लांब नव्हती. ओळीनं मांडलेल्या पोर्टाकॅबिन, मधल्या पट्ट्यात दोरीवर वाळणारे निळे कामाचे कपडे, बाहेर चपलांची रांग, एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीखाली कुणीतरी जपून लावलेली मिरची आणि कोथिंबीर. टाकीतून ठिबकणारं पाणी त्या वाफ्यात जाईल अशी नळी बसवली होती. डोंगरातला माणूस कुठेही गेला तरी पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाही.

वर्ग जेवणाच्या शेडमध्ये भरे. बाकं जेवणाचीच, फळा म्हणजे भिंतीला टेकवलेला पांढरा बोर्ड. पहिल्या दिवशी मी आत शिरले तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि हात जोडून ‘नमस्ते, आमा’ म्हणाले. आमा म्हणजे आई. लगेच प्रश्न आला, ‘खाना खानुभयो?’ आमच्याकडेही दारात आलेल्या माणसाला आधी ‘जेवलात का?’ विचारतात. शाळेत मी ‘बाई’ होते, इथे पहिल्याच दिवशी आमा झाले.

हे कुठले लोक होते? कुणी गुल्मीचा, कुणी गोरखाचा, कुणी ओखलढुंगाचा, कुणी धादिंगचा. मागच्या बाकावर तेलंगणातल्या जगित्यालचे आणि बिहारमधल्या सिवानचे काही जण बसत. नेपाळी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तिसरी-चौथीत शाळा सोडलेली. त्यांना नेपाळी अक्षरं ओळखता येत, पण सलग वाचायचं म्हटलं की बोट आणि ओठ दोन्ही अडखळत. शिकवायला मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी येत नव्हती. मधल्या पुलाचं काम कामचलाऊ हिंदीनं आणि भक्कम देवनागरीनं केलं. मी बोर्डावर ‘पगार’, ‘ओव्हरटाइम’, ‘कपात’, ‘सही’ असे शब्द लिहिले आणि ते सगळ्यांनी एका सुरात वाचले. ळ हे अक्षर त्यांनी पाहिलं नव्हतं. उलट ङ हे अक्षर आमची मुलं तक्त्यापुरतं पाठ करतात आणि विसरतात, ते यांच्या गावांच्या नावांत रोज वापरलं जातं. धादिंगचा तरुण आपल्या जिल्ह्याचं नाव ‘धादिङ’ असं लिहायचा. शेवटचा ङ तो सावकाश, गोलाई नीट साधत काढी. त्या अक्षराला एवढ्या आस्थेनं वागवणारा विद्यार्थी मला माझ्या सगळ्या नोकरीत भेटला नव्हता.

आम्ही गोष्टीचं पुस्तक उघडलं नाही. आधी त्यांच्या खिशातले कागद उघडले. पगारपत्रक, सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र, पैसे पाठवल्याची पावती, मोबाईलवर आलेला बँकेचा संदेश. बहरीनमध्ये २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं पगार बँकेमार्फत द्यायची व्यवस्था लागू झाली. त्यामुळे किती पैसे जमा झाले हे आता फोनवर येतं. पण जो वाचू शकत नाही त्याच्यासाठी तो संदेश म्हणजे फक्त एक आवाज.

गुल्मीचा चाळिशीचा दाइ, म्हणजे दादा, एक पावती घेऊन आला. त्यावर इंग्रजी आकड्यांत ९२.५०० असं छापलेलं होतं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, ‘बयानब्बे हजार पाँच सय’. दिनाराचे फिल्स हजार असतात, म्हणून इथे टिंबानंतर तीन आकडे लिहितात. रुपये-पैशांची सवय असलेल्या माणसाला टिंबानंतर दोन आकडे ठाऊक, तीन दिसले की तो हजारच समजतो. मी बोर्डावर एक मोठं टिंब काढलं. डावीकडे दिनार, उजवीकडे फिल्स. मग सगळ्यांना आपापल्या कागदावरच्या टिंबाला लाल पेन्सिलीनं गोल करायला सांगितलं. शेडमध्ये काही वेळ फक्त पेन्सिलींचा आवाज होता. दाइनं आपली पावती पुन्हा वाचली, ‘बयानब्बे दिनार, पाँच सय फिल्स’. नंतर तो ओव्हरटाइमच्या रकान्याकडे गेला, तासांनी गुणलं, कपातीचा आकडा वजा केला, आणि त्याच्या हिशेबाचा आणि छापील हिशेबाचा मेळ बसला. मेळ बसल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता, पण त्याहून मोठी गोष्ट मला दिसली. इतकी वर्षं त्याला जो आकडा सांगण्यात येई तो तो मान्य करत आला होता. त्या दिवशी त्यानं तो स्वतः तपासला.

त्यानंच मग सांगितलं की परदेशी येण्यासाठी गावच्या सावकाराकडून दरमहा शेकडा तीन व्याजानं कर्ज काढलं, तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते विचारायचीही हिंमत झाली नव्हती. अंगठा उठवावा लागू नये म्हणून तो सही तेवढी शिकला होता. नेपाळ सरकारनं २०१५ साली आखाती देशांत जाणाऱ्यांचा व्हिसा आणि तिकिटाचा खर्च मालकानं करावा असा नियम केला. नियम कागदावर असतो. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत तो कुणाच्या तरी तोंडूनच पोचतो, आणि ते तोंड कुणाचं आहे यावर सगळं अवलंबून राहतं.

जन्मतारखांचा तास मला सर्वांत रंगतदार वाटला. नेपाळमध्ये विक्रम संवत चालतं. गोरखाच्या तरुणानं लिहिलं, जन्म माघ २०५१. सीपीआरवर वेगळंच साल. आम्ही सगळे मिळून हिशेब शिकलो. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करायचे, पुढच्या महिन्यांसाठी ५६. त्याचं साल १९९५ निघालं, कार्डावरचंच. मी त्यांना आपल्या पंचांगातला शालिवाहन शक दाखवला, तो इंग्रजी सालाच्या ७८ किंवा ७९ वर्षं मागे चालतो. बोर्डावर तीन सालं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा आपण तिन्ही काळांत एकाच वेळी बसलोय याचं त्यांना फार नवल वाटलं.

या गोरखाच्या तरुणाच्या गावची शाळा २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात पडली. भूकंपाचं केंद्र त्याच जिल्ह्यातल्या बारपाकजवळ होतं. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि तो शनिवार होता, म्हणून वर्गांत मुलं नव्हती. देशभर हजारो वर्गखोल्या कोसळल्या. पुढे बांबू आणि पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत शिकवणं सुरू झालं, पण घर उभारायला पैसे लागत होते आणि घरात तो सर्वांत मोठा मुलगा होता. आज नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढी रक्कम बाहेर गेलेली माणसं घरी पाठवतात. पैसा डोंगर चढून वर जातो आणि माणसं उतरून खाली येतात. आमच्या जावळी-पाटणच्या गावांतली माणसं गिरण्यांत आणि माथाडीत मुंबईला गेली, तेव्हा मागे उरलेल्या घरांत म्हातारे, बायका आणि मनिऑर्डरची वाट होती. त्या घरांतली मुलं मी शिकवली आहेत. त्यांचे बाप कसे राहत असतील, हे मला इथे, सखीरच्या शेडमध्ये बसून कळलं.

वर्गानंतर जेवल्याशिवाय सोडायची रीत नव्हती. रोजचं जेवण डाळ, भात, तरकारी आणि खुबूस म्हणजे अरबी रोटी. पण सुट्टीच्या दिवशी कधी कधी ‘ढिंडो’ होई. उकळत्या पाण्यात पीठ सोडून लाकडी दांड्यानं घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, पळी उभी राहीपर्यंत. पीठ कोदोचं, म्हणजे आपली नाचणी. घरून येणाऱ्या कुणीतरी पिशवीतून आणलेलं ते पीठ ते जपून वापरत. सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचं आंबटसर कालवण, आणि कुटलेल्या टोमॅटोचं तिखट अचार. ढिंडोचा घास चावायचा नाही, कालवणात बुडवून गिळायचा, हे मला त्यांनी शिकवलं. त्या तासाला ते शिक्षक होते. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे याच पिठाच्या भाकरी आणि आंबील करतात, डोंगरउतारावर भाताच्या वर नाचणीची शेतं असतात, आणि कापणीला अख्खी वाडी लागते. ते ऐकून ओखलढुंगाचा एक जण म्हणाला की त्याच्याकडेही तसंच आहे. आमच्यातलं अंतर त्या वाक्यानं जेवढं मिटलं, तेवढं माझ्या सगळ्या शिकवण्यानं मिटलं नसेल.

जेवणात एक शिस्त होती. आधी पाहुणा, मग वयानं मोठा, मग रात्रपाळीला जाणारा. ज्याला लवकर निघायचंय त्याचं ताट आधी वाढायचं, त्यावर कुणाची तक्रार नाही. इतक्या छोट्या जागेत, इतक्या जिल्ह्यांतली माणसं भांडणाशिवाय कशी राहतात, याचं उत्तर मला त्या ताटांच्या क्रमात मिळालं.

परतताना माझ्या मनात साताऱ्याचा विचार येई. आमच्या जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातले शिक्षक, शिकलेली पोरं, कुणी एक पैसा न घेता रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना शिकवायला बसत. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. १९६१ पासून ही मोहीम सगळ्या महाराष्ट्रात गेली. माझी आजी त्याच मोहिमेत अक्षरं शिकली. सातबाऱ्यावर आपलं नाव आहे हे तिनं स्वतः वाचलं होतं, आणि पुढे आयुष्यभर तलाठ्याशी बोलताना तिचा आवाज कधी खाली आला नाही.

त्याही आधी, १९१९ साली, कऱ्हाडजवळच्या काले गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी बहरीनच्या मुहर्रकमध्ये अल-हिदाया अल-खलिफिया ही देशातली पहिली आधुनिक सरकारमान्य शाळा सुरू झाली. मुलींची शाळा १९२८ मध्ये निघाली. बहरीनमध्ये तेल लागलं ते १९३२ साली. म्हणजे इथे आधी शाळा आली आणि मग तेल आलं. त्याच सुमाराला जपानमध्ये तयार केलेल्या मोत्यांनी आणि जागतिक मंदीनं मोत्यांचा धंदा बसला, तेव्हा या छोट्या बेटाला तेलानं तारलं हे खरं. पण तेलाची कचेरी चालवायला लिहिता-वाचता येणारी पहिली पिढी तयार होती, हेही तितकंच खरं. ज्या भूमीनं श्रीमंत होण्याआधी शाळेवर भरवसा ठेवला, त्या भूमीवर परक्या कामगारांसाठी एक वर्ग भरणं मला तिच्या स्वभावाला धरूनच वाटलं.

थंडी सरता सरता आम्ही सगळे एका गाडीतून जबल दुखान बघायला गेलो. जवळच पहिल्या तेलविहिरीची जागा आहे. विहिरीवरची जुनी यंत्रणा जतन करून ठेवली आहे आणि शेजारी छोटं संग्रहालय आहे. शिखराकडे संपर्काचे मनोरे उभे आहेत, आम्ही खालच्या चुनखडीच्या कड्यांपाशी थांबलो. वाऱ्यानं कोरलेल्या कपारी, त्यांत सावली, खाली दूरवर पसरलेली तपकिरी सपाटी. १३४ मीटर! यातल्या काहींची घरं याच्या दहापट उंचीवर आहेत. तरी चढ दिसताच सगळ्यांची चाल बदलली. पाय आडवा टाकत, अंग थोडं पुढे झुकवत, न बोलता, एका लयीत ते कड्यांवर चढले. सपाट जमिनीवर थकलेले दिसणारे हेच लोक उतारावर हलके झाले होते. वर पोचून त्यांनी पूर्वेकडे तोंड केलं आणि फोन काढून गावी लावले. पलीकडच्या बायका-पोरांना ते हा डोंगर दाखवत होते.

तिथून थोड्या अंतरावर ‘शजरत अल-हयात’, जीवनवृक्ष. सुमारे ४०० वर्षांचं, दहा मीटर उंचीचं हे झाड आसपास दुसरं मोठं झाड नसताना उभं आहे. फांद्या जमिनीपर्यंत वाकून पुन्हा वर उठलेल्या, पानं बारीक आणि दाट हिरवी. पाहताक्षणी मी ओळखलं, ही शमी. दसऱ्याला आमच्याकडे शमीची पूजा होते. अज्ञातवासात पांडवांनी आपली शस्त्रं शमीवर लपवली होती ही कथा मी मुलांना दर वर्षी सांगत असे. माझे विद्यार्थी झाडाभोवती फिरले, खोडाला हात लावून नमस्कार केला. मग गुल्मीचा दाइ पाटीपाशी गेला. इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून त्यानं एकेक शब्द जोडला, ‘ट्री... अफ... लाइफ’. मागे वळून त्यानं दुसऱ्यांना त्याचा अर्थ सांगितला. पुढच्या ओळी त्यानं आणि गोरखाच्या तरुणानं मिळून वाचल्या. मी मागे उभी राहिले, कारण तिथे माझी गरज नव्हती.

या माणसांकडे याआधीही लोक आले होते. कुणी थंडीत ब्लँकेट दिली, कुणी रमजानमध्ये जेवण दिलं, कुणी फोटो काढले. ते सगळ्यांविषयी आदरानं बोलतात. पण मला दर वेळी निरोप देताना ते एकच विचारत, ‘अर्को शुक्रबार आउनुहुन्छ?’ पुढच्या शुक्रवारी याल ना? ज्यांचा व्हिसा मुदतीचा, काम मुदतीचं, खोलीसुद्धा केव्हा बदलेल सांगता येत नाही, त्यांच्यासाठी ठरल्या वेळी येणारं माणूस ही मोठी गोष्ट असते. डोंगरातल्या शाळेतही मी हेच पाहिलं होतं. पावसात ओढा ओलांडून बाई आल्या की मुलं आली, आणि बाई आल्या नाहीत की हळूहळू मुलंही गळाली. इमारत, बाकं, पुस्तकं सगळं नंतर. शिकवणारा ठरल्या वेळी येतो हा भरवसा आधी.

मी भारतात परतायच्या वेळेपर्यंत वर्गाचे दोन भाग झाले होते. नव्यानं आलेल्यांना गुल्मीचा दाइ शिकवू लागला होता. पहिल्या तासाला तो टिंब काढायला शिकवतो, डावीकडे दिनार, उजवीकडे फिल्स. गोरखाच्या तरुणानं गावी शाळा सोडलेल्या धाकट्या भावाला पुन्हा दहावीला बसायला लावलं, त्याची फी तो इथून स्वतःच्या फोनवरून पाठवतो. जगित्यालचा एक जण देवनागरी शिकायला येतो, कारण खोलीतले सोबती नेपाळी आहेत आणि त्यांचे निरोप वाचायला त्याला आवडतं.

आखाती देशांत आपली मराठी माणसं भरपूर आहेत. बँकांत, इस्पितळांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत. गणपती आणि दिवाळी ती मोठ्या हौशीनं साजरी करतात, मुलांचं मराठी टिकावं म्हणून झटतात. त्यांच्या हाती देवनागरी आहे. नेपाळच्या डोंगरांतून, बिहारच्या गावांतून, राजस्थानातून आलेल्या माणसांना आपलं पगारपत्रक, कर्जाचा कागद, औषधाची चिठ्ठी वाचून घेण्यासाठी ओळखीची हीच लिपी लागते. त्यासाठी पदवी नको, वर्गखोली नको, निधी नको. मालकाची परवानगी, एक पांढरा बोर्ड, लाल पेन्सिली आणि आठवड्यातला एक तास पुरतो. अट एकच. तो तास चुकवायचा नाही.